नदीच्या डीपीचा मिस्ड कॉल

हिंगणवाडीची अकरा किलोमीटर लाइन केरबा वायरमनच्या दोन गुडघ्यांवर चालायची. तारा, खांब, ट्रान्सफॉर्मरच्या डीप्या सगळं बोर्डाचं होतं. गुडघे तेवढे त्याचे स्वतःचे. बोर्डाची कंपनी होऊन दोन वर्षं झाली होती, पण गाव अजून बोर्डच म्हणायचं आणि गुडघ्यांना दोन्हींतला फरक कळत नव्हता.

सबस्टेशनात स्विच पडला की तिथला ऑपरेटर फोन करायचा, "केरबा, तुझी लाइन गेली." कुठं गेली, हे सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं, आणि त्याला ते माहीतही नसायचं. मग केरबा पकड आणि वायरचं बंडल पिशवीत टाकायचा, कमरेचा पट्टा खांद्यावर घ्यायचा आणि मान वर करून चालू लागायचा. आधी ओढ्याकडची लाइन, मग माळाकडची, मग मळीच्या रानातली, शेवटी नदीकाठची. खालून काळी माती चपलेला धरून बसायची, बाजूनं उसाची पाती दंड-गाल कापायची, आणि वर बघून बघून मान अशी अवघडायची की घरी आल्यावर घाससुद्धा तो आढ्याकडे बघून घ्यायचा.

दोन हजार सातच्या ऑगस्टात तर सकाळी आठला लाइन गेली ती दुपारी दोनपर्यंत सापडेना. सापडली ती अगदी शेवटच्या खांबावर, नदीच्या डीपीपाशी. एक वटवाघूळ दोन तारांना पंख टेकवून मरून लटकलं होतं. केरबा खांबावर चढला, काठीनं ते पाडलं, जळालेला फ्यूज बदलला आणि खाली उतरला, तर बांधावर हंबीरराव उभे. दूध संस्थेचे चेअरमन आणि डीपीला लागून असलेल्या चार एकर उसाचे मालक.

"केरबा, नदीकडनंच चालायला लागायचं न्हाई व्हय मर्दा?" ते म्हणाले. "दोन मिन्टांत सापडलं असतं की."

"आदी कळलं असतं तर वटवाघळालाच सांगितलं असतं," केरबा म्हणाला, "माझ्या दारातल्या खांबावर मर म्हणून."

घरी चिमणाबाईनं एरंडाची पानं गरम करून त्याच्या गुडघ्यांवर बांधली. बांधता बांधता तिनं स्वतःच्या टाचांच्या भेगांतही थोडं तेल जिरवलं, कारण तीही तेवढीच चालत होती. नदीकाठी त्यांचं वीस गुंठे रान होतं. लोडशेडिंगमुळं मोटारीला लाइट कधी येईल याचा एक कागद ग्रामपंचायतीत चिकटवलेला असायचा. लाइट मात्र तो कागद वाचत नसे. मग चिमणाबाई दोन किलोमीटर चालत जायची, मोटारीचं बटण दाबायची, मोटार गप्प बसली की परत यायची, आणि तासाभरानं पुन्हा जायची. लाइट कुठं गेली हे बघायला नवरा चालायचा, आली का हे बघायला बायको. एका घरातली दोन माणसं एकाच विजेच्या मागं उलट्या दिशांनी फिरत होती आणि वीज दोघांनाही सांगून काही करत नव्हती.

ऑक्टोबरात नवीन इंजिनिअर आला. महांतेश त्याचं नाव, गाव निपाणीच्या पलीकडं. घरी कन्नड बोलायचा आणि मराठी कोल्हापूरच्या हॉस्टेलात शिकलेला, त्यामुळं अधूनमधून हॉस्टेलचे शब्द निसटायचे आणि तो एकटाच लाजायचा. केरबाला पहिल्या दिवसापासून तो मामा म्हणाला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबाकडून मिळालेलं हे पहिलंच नातं होतं, म्हणून केरबा सावध झाला.

महांतेशनं दूध संस्थेच्या आवारात गाव गोळा केलं. कंपनी काही लाइनी हुशार करणार आहे, असं त्यानं सांगितलं. बोर्डाची लाइन हुशार होणार हे ऐकून मागं बसलेल्या दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं, पण साहेब पावणा होता म्हणून कुणी हसलं नाही. अकरा किलोमीटरवर पाच पेट्या बसणार. लाइन तुटली, फ्यूज गेला, की कुठल्या तुकड्यात गेलं ते पेटी कोल्हापूरच्या कॉम्प्युटरला सांगणार. अडचण एकच होती. पेटीचं बोलणं नदीपासून कोल्हापूरपर्यंत न्यायचं कशातून? तीन कंपन्या तीन वाटा घेऊन आल्या होत्या. एक रेडिओतून नेणार, एक विजेच्या तारेतूनच नेणार आणि एक मोबाइलच्या सिमकार्डातून. तिघांच्या पेट्या नदीच्या डीपीवर शेजारी शेजारी लागणार, कारण ती सगळ्यांत लांबची. लाइट असताना कॉम्प्युटर दर पाव तासाला प्रत्येकीला हाक मारणार, आणि पेटीनं ओ द्यायची. पंधरा दिवसांत सलग पाच दिवस, शंभर हाकांत पंचाण्णव वेळा जी ओ देईल ती पास. तिच्या चार बहिणी लाइनवर बसतील.

"आन् एक बी पास न्हाई झाली तर?" हंबीररावांनी विचारलं.

महांतेश म्हणाला, की मग योजना नदीपल्याडच्या लाइनला जाईल.

इथं गाव जागं झालं. हुशार लाइन मिळाली नसती तर हिंगणवाडीचं काही अडलं नसतं. पण ती पल्याडच्यांना मिळणं ही गोष्ट वेगळी होती. हंबीररावांनी तिथल्या तिथं समजावून सांगितलं, की हे पाडव्याच्या म्हशींसारखं आहे. पाडव्याला मालक मोटारसायकलवरनं हाक मारतो आणि म्हैस गर्दीतनं त्याच्याच मागं पळते. शिंगं कुणी किती रंगवली याला काही अर्थ नसतो. त्यांची स्वतःची म्हैस तीन वर्षं दुसऱ्याच्या हाकेला गेली होती, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला अनुभवाचं वजन होतं.

केरबा मात्र मनात भागाकार करत बसला होता. अकरा किलोमीटर, पाच तुकडे. म्हणजे यापुढं कधीही दोन-सव्वादोनच्या वर चालायला नको. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. त्यानं हळूच गुडघ्यांवर हात ठेवले, जसं बाजारातनं काहीतरी आणतो म्हणून पोरांना सांगावं तसे.

पेट्या लावायला दोन दिवस लागले. रेडिओवाला पुण्याचा होता, गळ्यात टाय. त्याला तीस फुटी खांब रोवायचा होता. केरबानं हंबीररावांच्या बांधावर चार फूट खड्डा काढला. अर्ध्यात त्यानं विचारलं, की मधी एवढा ऊस उभा हाय, त्यातनं आवाज जाईल का? रेडिओवाला म्हणाला, "तुम्ही फक्त खड्डा बघा." केरबानं खड्डा बघितला. खड्डा चांगला होता.

तारवाला बंगळूरहून आला होता आणि कमी बोलायचा. त्याची पेटी विजेच्या तारेवरूनच निरोप धाडणार होती. केरबानं त्यालाही विचारलं, की तार तुटली हे तारेनं तारेतनं कसं सांगायचं? तारवाल्यानं पाणी मागितलं.

मोबाइलवाल्याला हातकणंगल्याहून गाडी पकडायची होती. त्यानं तासाभरात पेटी ठोकली, आत सिमकार्ड सारलं आणि निघता निघता एक चिठ्ठी केरबाच्या हातात दिली. पेटीची बॅटरी मागाहून येईल, असं म्हणाला. "आणि हा पेटीचा नंबर. नीट जपून ठेवा, हरवू नका."

सरकारी मालमत्तेचा नंबर जपून ठेवायची एकच रीत केरबाला सव्वीस वर्षं ठाऊक होती. त्यानं घरून पिवळा ऑइलपेंट आणि ब्रश आणला आणि पेटीच्या दारावर दहा आकडे वीतभर उंचीचे रंगवले. आधी "मो." लिहिलं, कारण दूध संस्थेच्या पाटीवर तसंच होतं. खाली एक रेघही मारली. काम इतकं देखणं झालं की शेजारच्या दोन पेट्या त्याला उगीचच नागड्या वाटल्या.

पहिले चार दिवस आनंदाचे गेले. महांतेश रोज संध्याकाळी फोनवरून मार्क सांगायचा, केरबा ते दूध संस्थेत सांगायचा आणि तिथं दूध घालायला आलेली माणसं किटल्या खाली ठेवून ऐकायची. रेडिओ पन्नाशीच्या खाली. तारवाला साठाच्या आसपास. सयाजीची पिठाची गिरणी चालू झाली की गिरणीच्या घरघरीत त्याची पेटी मुकी व्हायची, आणि सयाजीला याचा इतका अभिमान वाटला की त्यानं गिरणी दोन तास जास्त चालवली. मोबाइल मात्र शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. अजून एक दिवस, की झालं.

चौथ्या दिवशी सकाळी केरबा चहा पिता पिता मोबाइल कानाला लावून बसला होता. दोनदा घंटी वाजू देऊन त्यानं फोन कापला. चिमणाबाईनं विचारलं, कुणाला लावताय सकाळच्या पारी? केरबा म्हणाला, पेटीला. जिती हाय का बघतोय.

"मग उचलत न्हाई व्हय ती?"

"उचलून काय बोलणार? नुसती घंटी वाजती. तिला बॅटरी न्हाई अजून. नदीवर लाइट असली तरच वाजती, नसली की ती बाई बोलती, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती अमुकतमुक म्हणून."

चिमणाबाई भाकरी थापता थापता थांबली. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून थोडा वेळ तव्याकडं बघितलं. भाकरी करपली.

"आवो," ती म्हणाली, "म्हंजे हितं बसून कळतंय?"

"काय?"

"लाइट आली का न्हाई ते. पैसं न जाता."

केरबाला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण त्याला लाइट आली का हे बघायला कधी चालावं लागलं नव्हतं. चिमणाबाईला वाटलं. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा घरात बसून मिस्ड कॉल दिला, घंटी वाजल्यावरच विळा उचलला, रानात गेली, बटण दाबलं आणि मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली. पाटातनं पाणी आलं तेव्हा ती बांधावर उकिडवी बसून एकटीच हसत होती. येताना दूध संस्थेत तिनं ही गोष्ट फक्त विठाबाईला सांगितली. विठाबाईनं ती कुणालाच सांगितली नाही. तिनं फक्त विचारलं, की असं खरंच होतं का? हे तिनं चाळीसएक जणांना विचारलं.

नंबर शोधायला कुणाला त्रास पडला नाही. तो वीतभर उंच होता.

दुसऱ्या दिवसापासून हिंगणवाडीची तऱ्हाच बदलली. माणसं ओट्यावर बसून शेती करू लागली. पानपट्टीवर, न्हाव्याकडं, पारावर, जिकडंतिकडं माणूस मोबाइल कानाला लावून मान तिरकी करून ऐकत उभा, आणि घंटी वाजली की सगळे एकदम नदीकडं निघायचे. ज्यांचं रान नदीकाठी नव्हतं तेही लावून बघायचे. हंबीररावांची आई नव्वदीची होती. तिला नंबर लावून दिला की ती घंटी ऐकायची आणि "वाजतंय गं बाई" म्हणून पुन्हा लावायला सांगायची. ज्याचं त्याला वाटायचं, की एक मिस्ड कॉल तर आहे, त्यात काय जातंय. आणि कुणाचंही काही जात नव्हतं.

मार्क तेवढे जात होते. पाचव्या दिवशी मोबाइलची पेटी एकाहत्तरवर आली. सहाव्या दिवशी सासष्ट. नवव्या दिवशी एकसष्ट. दूध संस्थेत किटल्या गप्प झाल्या. केरबा रोज डीपीवर जाऊन पेटीच्या चारी बाजूंनी बघून यायचा. तारा घट्ट होत्या, दाराला कुलूप होतं, रंग छान वाळला होता.

दहाव्या दिवशी महांतेश त्याला मोटारसायकलवर मागं बसवून हातकणंगल्याला इंटरनेटच्या दुकानात घेऊन गेला. हंबीरराव आपल्या गाडीवरनं मागोमाग आले. पंख्याखाली चार कॉम्प्युटर होते आणि एकात पान उघडायला इतका वेळ लागला की हंबीररावांनी तेवढ्यात दुकानदाराचं मूळ गाव, आडनाव आणि ऊस कुठल्या कारखान्याला जातो हे काढून घेतलं. मग पडद्यावर एक नकाशा आला. निळी रेघ म्हणजे नदी, काळी रेघ म्हणजे लाइन, आणि त्या रेघेच्या टोकाला एक हिरवा ठिपका.

"ही आपली डीपी," महांतेश म्हणाला.

हंबीररावांनी बोटानं ठिपका दाबून बघितला आणि बोट निरखून पाहिलं. केरबा पडद्याकडं वाकला. त्या डीपीवर तो पावसात चढला होता, तिचं तेल त्यानं बदललं होतं, तिच्या पायाशी बसून त्यानं कितीदा भाकरी खाल्ली होती. ती इतकी लहान आणि इतकी लांबून दिसू शकते हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्याला एकदम असं वाटलं, की आपल्या घरातल्या कुणाचा तरी फोटो छापून आलाय.

महांतेशनं दुसरं पान उघडलं. मोबाइलच्या पेटीला मारलेली प्रत्येक हाक ओळीनं लिहिलेली होती आणि दर दोन-तीन ओळींआड एकच शब्द होता. बिझी. बिझी. बिझी.

"हेच कळंना मामा. पेटी दुसऱ्या कुणाशी बोलती? तिला आहे कोण?" तो म्हणाला. "टॉवर खराब असंल. आज रिपोर्टात लिहून टाकतो, मोबाइल नापास."

काल पारावरची दहा माणसं मान तिरकी करून उभी होती ती केरबाला दिसली. हंबीररावांची आई दिसली. शेवटी पिवळे दहा आकडे आणि त्याखालची रेघ दिसली. गप्प बसलं तर टॉवरचं नाव होईल. टॉवरला नोकरी नसते. बोललं तर मेमो. पण गप्प बसलं तर पेट्या नदी ओलांडून जातील, आणि अकरा किलोमीटर तसेच राहतील.

"साहेब," तो म्हणाला, "नंबर म्याच रंगवलाय."

सगळं सांगून होईपर्यंत महांतेश नुसता ऐकत होता. मग त्यानं कपाळ टेबलावर टेकलं आणि त्याचे खांदे हलू लागले. केरबाला आधी वाटलं साहेब रडतोय.

"मेमो देणार का साहेब?"

"काय लिहू मेमोत? नंबर फार स्वच्छ दिसत होता म्हणून?" महांतेशनं डोळे पुसले. मग तो गंभीर झाला. बाहेरचे कॉल बंद करून मागता येतात, पण त्या अर्जाला आठवडा लागतो आणि चाचणीचे पाचच दिवस उरलेत. "आता हे पाच दिवस गावाच्या हातात, मामा. गाव गप्प बसंल का?"

हंबीरराव म्हणाले, की हे गाव आजवर गप्प बसलेलं त्यांनी तरी बघितलेलं नाही.

संध्याकाळी दुधाच्या वेळी केरबा संस्थेच्या पायरीवर उभा राहिला. त्यानं सांगितलं, की चूक माझी. पाच दिवस कुणी पेटीला फोन लावू नका, न्हाईतर योजना पल्याड जाईल. पल्याड म्हटल्यावर माना हलल्या. पण लगेच सयाजी गिरणीवाला उठला.

"म्हंजे पयल्यासारखं चालत जाऊन बघायचं? गेलं पाच-सा दिवस ह्या पेटीनं जेवढं काम केलंय तेवढं बोर्डानं धा वर्सांत केलं न्हाई. आन् आता तिला बोलायचंबी न्हाई?"

गलका झाला. बोलणं खरं होतं हीच त्यातली अडचण होती. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून चिमणाबाई पुढं आली. चारचौघांत ती नवऱ्याच्या बाजूला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ.

"साडेतीनशे जणांनी इचारायला काय ती येगळं येगळं सांगती?" ती म्हणाली. "एकानं इचारावं आन् समद्यास्नी सांगावं. भोंगा कशाला हाय संस्थेचा? पेंड आली म्हणून वरडायलाच?"

संस्थेचा सेक्रेटरी ज्ञानू भोंग्याचा मालक असल्यासारखा वागायचा. तोच आधी उठून भोंग्याची वायर तपासू लागला. महांतेशला फोन लावला गेला. त्यानं सांगितलं, की कॉम्प्युटर पाव-पाव तासाला हाक मारतो, तेवढ्या वेळा सोडून मधे तासाला एक मिस्ड कॉल द्या, चालतंय. कुणी द्यायचा यावर मात्र वाद झाला नाही. जिनं शोधून काढलं तिनंच.

अकराव्या दिवसापासून चिमणाबाई संस्थेच्या वजनकाट्याशेजारी स्टूल टाकून बसू लागली. समोर भिंतीवरचं घड्याळ. मिनिटकाटा तासावरनं सात मिनिटं पुढं गेला की ती पदर सावरून मोबाइल कानाला लावायची, सगळं आवार श्वास धरायचं, आणि ती नुसती मान हलवायची. मग ज्ञानू भोंग्यात ओरडायचा, "नदीच्या डीपीला लाइट हाय हो." किंवा, "न्हाय हो." पहिल्या दिवशी अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव. पाराभोवती माणसं मोबाइल खिशात घालून हात बांधून उभी राहायची. जुन्या विडीबाजासारखी त्यांची बोटं चुळबुळायची, पण राहायची.

तेराव्या दिवशी भलतंच झालं. कारखान्याची ऊसतोड टोळी आली आणि हंबीररावांचा ऊस आडवा करू लागली. दुपारपर्यंत डीपीसमोरचं रान मोकळं झालं आणि रेडिओच्या पेटीला एकदम कंठ फुटला. मोबाइलचे सत्त्याण्णव, आणि दुपारनंतरच्या हाकांत रेडिओचे अठ्ठ्याण्णव. पुण्याचा टायवाला गाडी घेऊन हजर झाला, गावाला पेढे वाटले आणि महांतेशला म्हणाला, की आमचे दोन दिवस वाढवून द्या, आम्हीच पास. गाव घाबरलं, कारण पेढे चांगले होते. महांतेशनं केरबाकडं बघितलं. ही पहिलीच वेळ होती की तीन वाटांतली कुठली घ्यायची हे कुणी खड्डा काढणाऱ्याला विचारत होतं.

केरबानं तोडलेल्या उसाच्या बुडख्यांकडं बोट दाखवलं.

"साहेब, खोडवा येतोय की मागनं. सा म्हैन्यांत परत ही पेटी मुकी."

टायवाल्यानं खोडवा म्हणजे काय ते विचारलं. त्याला एकदा तोडलेला ऊस त्याच बुडख्यातनं पुन्हा उगवतो हे कुणीतरी समजावून सांगितलं. त्यानं उरलेले पेढे गाडीत ठेवले.

चौदाव्या दिवशी मोबाइलला शहाण्णव. पंधराव्या दिवशी कोल्हापूरहून मोठे साहेब पाहणीला आले. पांढरी गाडी, पांढरा शर्ट. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी ते संस्थेच्या आवारात उतरले तर समोर दीडशे माणसं मूग गिळल्यासारखी उभी, आणि सगळी एका बाईकडं बघतायत. साहेब काही बोलणार तोच हंबीररावांनी त्यांना हातानं गप्प केलं. घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली. चिमणाबाईनं मोबाइल कानाला लावला. मान हलवली. भोंगा ओरडला. साठ-सत्तर माणसं खोरी उचलून नदीकडं पळाली.

"ही कुठली सिस्टिम?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

महांतेशनं सरळ चेहऱ्यानं सांगितलं, की पेटीपासून गावापर्यंत मोबाइल, गावापासून शेतापर्यंत भोंगा. नापास एकदाही झालेली नाही. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, की ह्या बाईंना बदली कोण आहे? चिमणाबाई म्हणाली, बदली कशाला, मी कुठं चाललीय.

संध्याकाळी आकडा आला. सत्त्याण्णव. सलग पाच दिवस. फटाके दिवाळीचे उरलेले होते ते वाजले, आणि सयाजीनं आनंदानं गिरणी चालू केली, त्यामुळं तारवाल्याची पेटी शेवटच्या दिवशीही मुकीच राहिली. महांतेशनं केरबाला बाजूला घेतलं. म्हणाला, की पाचही पेट्यांचं बोलणं आता इंटरनेटवरनं जाईल, हाका वेगळ्या वाटेनं येतील. घंटीची वाट मोकळी राहील, ती मी बंद करायला लावणार नाही. आणि प्रत्येक पेटीला एक छोटी बॅटरी. लाइट गेल्यावर ती एकच मिनिट पुरेल.

"एका मिन्टात काय हुतंय साहेब?"

"तुमच्या गावानंच शिकवलं की मामा," महांतेश म्हणाला.

पेट्या मार्चात बसल्या. केरबानं पाचही नंबर रंगवले नाहीत, वहीत लिहिले.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस भर दुपारी वळवाचा वारा सुटला. पत्रे वाजू लागले, अंगणातली मिरची चिमणाबाई पोत्यात भरत होती आणि घरातला पंखा फिरता फिरता थांबला. केरबा सवयीनं उठला. पिशवी घेतली, पट्टा खांद्यावर टाकला आणि दारात उभा राहून ओढ्याकडं बघितलं, अकरा किलोमीटरच्या सुरवातीकडं. गुडघे आधीच ठणकू लागले होते.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. एक घंटी, दोन घंट्या.

त्यानं पडद्याकडं बघितलं. चौथी पेटी. मळीतली.

"उचला की," चिमणाबाई पोत्याशी वाकलेलीच म्हणाली.

"उचलतंय कोण," केरबा म्हणाला. "मिस्ड कॉल हाय."

घंटी आपोआप थांबली. मिनिटभराची बॅटरी तेवढ्यात संपली असावी. त्यानं पिशवीतून पकड चाचपली, ओढ्याकडं पाठ फिरवली आणि आडव्या वाटेनं मळीकडं निघाला. वाऱ्यानं समोरचा धुरळा डोळ्यांत जात होता, तरी मान खाली घालूनच चालला. वर बघायचं काही कारणच नव्हतं. चौथ्या तुकड्यात शिरल्यावर तिसऱ्याच खांबावर बाभळीची फांदी तारेला अडकून हेलकावे खाताना दिसली.

त्यानं सबस्टेशनला फोन लावून लाइन बंद असल्याची खात्री करून घेतली. ऑपरेटर म्हणाला, "केरबा, तुझी लाइन गेली."

"ठावं हाय," केरबा म्हणाला. "तिनं सांगितलंय." आणि चपला खांबाच्या बुडाशी शेजारी शेजारी काढून ठेवून तो वर चढू लागला.